उलट्या गिअरचा उजेड

पिकअपला मागे जादा दिवे बसवायला आलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो तो वॉटचा. अठराचा घेऊ की सत्तावीसचा? काउंटरवरचा पोरगाही त्याच भाषेत उत्तर देतो, कारण खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं तेवढंच असतं. वास्तविक या कामात वॉटचा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याआधी तीन गोष्टी ठरायला हव्यात. उजेड किती अंतरापर्यंत लागतो, तो जमिनीवर कोणत्या कोनातून पडायला हवा, आणि तो कुणाच्या हुकमाने लागावा नि विझावा. या तिन्हींचा नीट विचार केला की वॉटचा आकडा बहुधा मनात होता त्यापेक्षा लहान निघतो.

गाडी कोणती ते आधी धरून चालू. बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँड दोस्त या वर्गातली: पुढे केबिन, मागे उघडा हौदा, लांबी पाच मीटरच्या आसपास. नारायणगाव-जुन्नर पट्ट्यातली भाजी पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात उतरवायची, तर क्रेट भरायचे दिवेलागणीला बांधावर आणि उतरवायचे मध्यरात्रीनंतर. दोन्ही ठिकाणी गाडी उलटी घ्यावी लागते. हौद्यात क्रेटची थप्पी लागली की केबिनमधल्या आरशात मागचं काहीच दिसत नाही, उरतात ते दोन बाजूंचे आरसे. शिवाय ज्याच्या भरवशावर ड्रायव्हर गाडी मागे सोडतो, तो ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा क्लीनर स्वतः अंधारात उभा असतो. गाडी मागे येताना सगळ्यात जास्त धोका त्यालाच. म्हणून जादा दिव्यांचा विचार करताना भिंत, खांब, चारी यांच्या आधी या माणसाचा विचार करायला हवा.

अंतर

ताशी ५ किलोमीटर वेगाने मागे येणारी गाडी सेकंदाला १.४ मीटर सरकते. काहीतरी दिसलं, डोक्यात शिरलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरला तर दोन मीटर आणि वर थोडं अंतर तेवढ्यातच संपतं. ब्रेक लागल्यावर ओल्या मातीवरही इतक्या कमी वेगाची गाडी पाव मीटरच्या आसपास थांबते. म्हणजे एकूण अडीच मीटर. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १० किलोमीटर केला तर प्रतिक्रियेचं अंतर दुप्पट होतं, ब्रेकचं चौपट होतं, आणि बेरीज पाच मीटरच्या थोडी पुढे जाते. रात्री मागे बघत ताशी १० च्या वर गाडी हाकणाऱ्याला कोणताही दिवा वाचवू शकत नाही, त्यामुळे हिशेब इथेच थांबवू. मागे पाच ते सात मीटर नीट दिसलं की काम भागतं. पन्नास मीटर दूरच्या बाभळीची पानं मोजून काय करायचंय?

आता कंपनीचा दिवा या अंतरात काय देतो ते पाहू. रिव्हर्सला सर्रास वापरला जाणारा २१ वॉटचा बल्ब सुमारे ४६० लुमेन उजेड देतो. तो बल्ब लाल-पिवळ्या काचांच्या शेजारी एका लहानशा पांढऱ्या खणात असतो, आणि त्याचा उजेड चहूकडे पसरून मागच्या दिशेने समजा १०० कँडेला तीव्रता मिळते. दिवा जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर पाच मीटरवरच्या जमिनीवर किरण जवळजवळ आडवे पडतात. अंतराच्या वर्गाने उजेड घटतो, आणि तिरपेपणामुळे राहिलेल्यातलाही आठवा भागच जमिनीच्या वाट्याला येतो. दोन दिवे धरूनही हिशेब एका लक्सच्या आत-बाहेर बसतो. निरभ्र पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या जवळपास असतं. म्हणजे कंपनीचे दोन दिवे पाच मीटरवर चांदण्याच्या तिप्पट-चौपट उजेड देतात. चांदण्यात चालता येतं खरं, पण हेडलाइटच्या उजेडात तासभर गाडी चालवून आलेले डोळे चांदण्याला लगेच सरावत नाहीत. अंधाराला पुरतं सरावायला अर्धा तास लागू शकतो, आणि बांधावर तेवढा वेळ कुणापाशी नसतो. कंपनीचा दिवा ‘गाडी मागे येतेय’ हे इतरांना सांगायला पुरेसा असतो, ड्रायव्हरला दाखवायला मात्र अपुरा पडतो. जादा दिव्यांची गरज इथून निर्माण होते.

बाजारात मिळणारा साधा, पसरट उजेडाचा एलईडी वर्क लॅम्प खरोखर १५०० लुमेन देत असेल आणि तो उजेड ६० अंशांच्या शंकूत सारखा पसरत असेल, तर तीव्रता येते सुमारे १८०० कँडेला. त्याच पाच मीटरवर अशा दोन दिव्यांचा सोळा-सतरा लक्स उजेड पडतो. एका लक्सवरून सोळावर. खोक्यावरच्या १८ वॉटमध्ये एवढं साधतं, आणि खोक्यावरचे वॉट थोडे फुगवलेले असले तरीही साधतं. म्हणून वॉटच्या प्रश्नाला एवढं उत्तर बस झालं. खरी अडचण पुढे आहे.

कोन

तो ६० अंशांचा शंकू, दिवा सरळ आडवा लावला तर, तीस अंश जमिनीकडे जातो आणि तीस अंश आभाळाकडे. मधल्या आडव्या रेषेत मागच्या मोटरसायकलवाल्याचे डोळे असतात. किती उजेड सहन होतो याचा विचार आंतरराष्ट्रीय नियमांत पूर्वीच झालेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या २३ क्रमांकाच्या वाहन-नियमाने रिव्हर्स दिव्याला अक्षावर किमान ८० कँडेला हवेत असं म्हटलं. कमाल मर्यादा मात्र दिशेप्रमाणे वेगवेगळ्या ठेवल्या: आडव्या रेषेत आणि तिच्या वर ३०० कँडेला, खाली पाच अंशांपर्यंत ६००, आणि पाच अंशांच्या खाली थेट ८०००. आपला १८०० कँडेलाचा आडवा लावलेला दिवा समोरच्याच्या डोळ्यांत मर्यादेच्या सहापट उजेड फेकतो. तोच दिवा खाली वळवला तर मर्यादेच्या पाव भागातही बसतो.

या पाच अंशांतली खरी गंमत भूमितीत आहे. ६० सेंटिमीटर उंचीवरून पाच अंश खाली जाणारी रेषा जमिनीला ६.९ मीटरवर भेटते. वर आपण ड्रायव्हरची गरज काढली ती पाच ते सात मीटर. नियम केला इतरांचे डोळे दिपू नयेत म्हणून, आणि तो येऊन बसला नेमका ड्रायव्हरच्या गरजेवर. नियम पाळला तर दिसत नाही, अशी तक्रार करायला इथे जागाच नाही. दिवा जितका उंच लावाल तितकी ही रेषा लांब जाते. ९० सेंटिमीटरवरून ती दहा मीटर गाठते. पण उंच दिव्याची चमकही मागच्याच्या डोळ्यांच्या पातळीला येते, आणि आयोगाच्या ४८ क्रमांकाच्या नियमात रिव्हर्स दिव्याची उंची २५ ते १२० सेंटिमीटर अशी बांधून दिली आहे. केबिनच्या टपावर मागे तोंड करून लावलेली एलईडीची पट्टी या चौकटीत बसत नाही, आणि माल भरला की तिचा अर्धा उजेड ताडपत्रीवरच पडतो.

गोल शंकूचा दिवा पाच अंशांच्या रेषेखाली कोंबायचा तर तो पस्तीस अंश वाकवावा लागतो. मग त्याचा सर्वांत प्रखर भाग गाडीच्या मागे एका मीटरच्या आत पडतो आणि पाच मीटरवर नुसती कडा पोचते. म्हणून आडवा रुंद पण उभा चपटा उजेड देणारी काच निवडावी. ती मिळाली नाही तर दिव्याच्या वरच्या कडेला पत्र्याची दोन इंची टोपी बसवावी. टोपीने थोडा उजेड वाया जातो, पण जाऊ द्यावा.

कोन तपासायला यंत्र लागत नाही. रात्री गाडी भिंतीपासून पाच मीटरवर, भिंतीकडे पाठ करून, सपाट जागेवर उभी करायची. दिव्याच्या मध्याएवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारायची. प्रखर उजेडाची वरची कड त्या रेघेच्या किमान ४४ सेंटिमीटर खाली यायला हवी. एवढं जमलं की पाच अंश साधले.

ही तपासणी गाडी रिकामी असताना करावी. हेडलाइटच्या बाबतीत उलटं असतं: माल भरला की मागचे पाटे दबतात, नाक वर होतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मागे तोंड केलेला दिवा त्याच वेळी खाली वाकतो. म्हणजे रिव्हर्स दिव्याचा दिपवण्याचा दोष सर्वांत जास्त रिकाम्या गाडीत दिसतो. भरलेल्या गाडीत वेगळी उणीव निर्माण होते. मागचा भाग दहा सेंटिमीटर दबला, तर तीन मीटरच्या थोड्या वर चाकअंतर असलेल्या गाडीला पावणेदोन-दोन अंशांचा कल येतो. दिवा ५० सेंटिमीटरवर आणि रेषा पावणेसात अंशांवर गेली, की पोच ६.९ मीटरवरून ४.२ वर येते. ताशी ५ च्या वेगाला तेवढी पुरते, १० ला पुरत नाही. भरलेली गाडी हळू मागे घ्यावी हे जुने ड्रायव्हर सांगतातच, त्याचं एक कारण इथेही सापडतं.

दिवा गाडीवर नेमका कुठे बसवायचा हा प्रश्न सोपा वाटतो तितका नाही, आणि त्याला कारण आहे मागचा फाळका. बऱ्याच पिकअपचे मागचे दिवे हौद्याच्या खाली, चेसिसच्या आडव्या पट्टीवर असतात. माल उतरवायच्या फळीला टेकण्याआधीचे शेवटचे दोन-चार फूट फाळका खाली सोडून गाडी मागे घेतली, तर तो नेमका दिव्यांसमोर लोंबतो. सर्वांत नाजूक क्षणी उजेड बंद! जादा दिवेही त्याच पट्टीवर मधोमध लावले तर पैसे खर्चून तोच दोष दुप्पट होतो. दिवे फाळक्याच्या रुंदीच्या बाहेर, कोपऱ्यांकडे घ्यावेत. तिथे खांबाला घासण्याची भीती असते, म्हणून ते आत दाबून, जाड पट्टीच्या आडोशाला बसवावे. हौद्याच्या कोपऱ्यातल्या उभ्या खांबाला बाहेरून लावण्याचा पर्यायही आहे, पण दोरखंड नेमका तिथेच आवळला जातो आणि पहिल्याच फेरीत दिव्याचं तोंड फिरतं. माझं मत खालच्या कोपऱ्यांच्या बाजूने आहे. चिखल उडतो हे खरं, पण चिखल पुसता येतो. फिरलेलं तोंड मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

हुकूम

गिअरबॉक्सवर एक लहान स्विच आटे देऊन बसवलेला असतो. उलटा गिअर पडला की आतली दांडी त्याला दाबते आणि इग्निशनच्या वाटेने आलेला करंट मागच्या बल्बपर्यंत जातो. दोन बल्बांचे ४२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर, एवढ्याच कामासाठी तो आणि त्याची वायर असते. जादा दोन दिवे ३६ वॉटचे धरले तर आणखी तीन अँपिअर. बल्बच्या वायरीला थेट टाका मारून दिवे जोडले तर ते लागतात, त्या रात्री छान लागतात, आणि घोटाळा पुढे होतो. रोज दुप्पट भार सोसून स्विचचे संपर्क काळे पडतात. मग एक दिवस जादा दिवे, कंपनीचे दिवे आणि रिव्हर्सचा बझर असे तिन्ही एकदम मुके होतात, आणि स्विच बदलायला गाडी खड्ड्यावर घ्यावी लागते.

यावरचा उपाय रिले. सरकारी कचेरीत सही साहेबाची लागते पण माल गोदामातून निघतो, तसंच हे. गिअरबॉक्सचा स्विच फक्त सही करतो, दिव्यांचा करंट बॅटरीतून निघतो. रिलेच्या कॉइलला सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअर पुरतात. रिलेच्या पायांवरचे आकडे जर्मन मानकातून आलेले आहेत आणि जगभर तेच चालतात. ८६ ला बल्बच्या वायरीतून घेतलेली सही, ८५ ला अर्थ, ३० ला बॅटरीतून फ्यूजमार्गे आलेला करंट, ८७ वरून दिवे. कॉइलला डायोड असलेला रिले घेतला तर बंद होतानाचा झटका आतच जिरतो. मात्र अशा रिलेत ८५-८६ ची अदलाबदल चालत नाही.

या रचनेत स्विच वाचतो हा फायदा वरवरचा आहे. त्याहून मोलाचं म्हणजे, जादा दिव्यांना कंपनीच्या दिव्याच्या सगळ्या अटी आपोआप लागू होतात. चावी नाही तर उजेड नाही, उलटा गिअर नाही तर उजेड नाही. बॅटरीशी थेट जोड असूनही रात्रभर उभी गाडी बॅटरी पीत नाही. ज्या गाड्यांत दिव्यांवर कंट्रोल युनिटची नजर असते, तिथे तर हुकूम आणि ताकद वेगळी ठेवणं भागच आहे. तिथे कंपनीची वायर सोलू नये, कनेक्टरमध्ये बसणारा जोड वापरावा. वॉरंटीचा वाद टळतो.

वायर आणि फ्यूज यांचा हिशेब थोडक्यात. बॅटरीपासून मागच्या टोकापर्यंत वळणांसह सहा मीटर वायर लागते. तीन अँपिअरला अर्धा चौरस मिलिमीटरच्या वायरीत सुमारे ०.६ व्होल्ट गळतो, दीडच्या वायरीत ०.२. जुन्या ५५ वॉटच्या दोन हॅलोजनना नऊ अँपिअर लागायचे. तिथे बारीक वायर जवळपास दोन व्होल्ट खायची, आणि तारेच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या जवळपास घटत असल्यामुळे निम्मा उजेड वाटेतच मरायचा. एलईडीच्या आतला ड्रायव्हर ही घट भरून काढतो, म्हणून आज बारीक वायरीनेही दिवा झगझगीत दिसतो आणि माणूस फसतो. वायर जाड घ्यायची ती फ्यूजकडे बघून. फ्यूज असतो वायरीच्या रक्षणासाठी, दिव्याच्या नव्हे. चेसिसवर घासून इन्सुलेशन फाटलं आणि तांबं पत्र्याला टेकलं, तर वायर तापण्याआधी फ्यूज उडायला हवा. तीन अँपिअरच्या भाराला पाच अँपिअरचा फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतरावर. हाताशी होता म्हणून वीसचा टाकला, हे गॅरेजमधलं नेहमीचं वाक्य आहे, आणि ते आगीला निमंत्रण आहे.

अर्थबद्दल मात्र सविस्तर बोलावं लागेल, कारण मागच्या दिव्यांच्या तक्रारींत बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. रंगावरच बोल्ट आवळलेला असतो, किंवा आवळताना चकचकीत असलेली जागा दोन पावसाळ्यांत गंजलेली असते. कोकणातून मासळी आणणाऱ्या पिकअपमध्ये हे आणखी लवकर होतं. हौद्यातून ठिबकणारं बर्फाचं खारट पाणी नेमकं मागच्या पट्टीवरून ओघळतं, आणि तांब्याचा लग, लोखंडी चेसिस आणि मीठ एकत्र आले की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते नि लोखंड खाऊ लागते. अशा गाडीत एक चमत्कारिक लक्षण दिसतं: उलटा गिअर टाकला की लाल टेल लॅम्पही मिणमिणतो. भुताटकी काही नाही. दिव्याच्या खोक्याचा सामाईक अर्थ तुटलेला असतो, मग रिव्हर्स बल्बचा करंट शेजारच्या टेल बल्बच्या तारेतून उलटा शिरून पलीकडच्या बाजूचा अर्थ गाठतो आणि दोन्ही अर्धवट जळतात. असं दिसलं की नवे दिवे जोडण्याआधी जुना अर्थ दुरुस्त करावा. नव्या दिव्यांची काळी वायर त्या खोक्याला कधीही जोडू नये. चेसिसवर वेगळी जागा घासून उघडी करावी, दातेरी वॉशर घालून लग आवळावा, वर ग्रीस थापावं. नंतर दिवे चालू ठेवून मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या काळ्या वायरीला लावायचं. दशांश दोन व्होल्टच्या आत दिसलं तर अर्थ पक्का. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर बोल्ट पुन्हा खोलावा.

दिवा पांढरा घ्यावा की धुक्यासाठी पिवळा, हा प्रश्न वारंवार येतो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असल्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, पिवळा आरपार जातो ही समजूत आहे. तसाही रिव्हर्सचा दिवा पांढराच लागतो. निळसर झाक असलेला टाळावा, एवढंच. कॅमेरा असेल तर दिवा त्याच्या अगदी शेजारी लावू नये, नाहीतर पावसात काचेवरचा प्रत्येक थेंब पडद्यावर पांढरा डाग होऊन उमटतो.

आता राहिला सगळ्यांत आवडता जोडधंदा: डॅशबोर्डवर बटण, म्हणजे उलटा गिअर नसतानाही मागचे दिवे लावता यावेत. दोन कारणं दिली जातात. पहिलं, मागचा डिपर मारत नाही म्हणून त्याला अद्दल घडवायची. ज्याला दिसेनासं करायचं तो ताशी ८० च्या वेगाने आपल्याच मागे येतोय, एवढं सांगितलं की या कारणाची वासलात लागते. कायदाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०८ मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा उजेड दाखवायला मनाई करतो आणि जे अपवाद देतो त्यांत गाडी मागे घेताना लागणारा पांढरा उजेड आहे. गाडी पुढे जात असताना तो अपवाद संपतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बटण ठेवायचंच असेल तर ते कॉइलच्या वायरीत, फक्त बंद करणारं ठेवावं. रात्री वस्तीत गाडी लावताना कुणाच्या खिडकीत उजेड नको असेल तर जादा दिवे गप्प करता येतात, पण गिअरशिवाय लावता येत नाहीत.

दुसरं कारण रास्त आहे: माल चढवताना-उतरवताना उजेड लागतो. पण त्यासाठी रिव्हर्सचा दिवा मुळातच चुकीचा आहे. तो बाहेर जमिनीवर पडतो, आणि काम चाललेलं असतं हौद्यात. शिवाय हमालाच्या येण्याजाण्याची वाट नेमकी त्या झगझगाटासमोरून असते. हौद्याच्या आतल्या बाजूला, केबिनच्या पाठीवरच्या जाळीला, खाली तोंड करून पाच वॉटची एलईडी पट्टी लावावी. तिचा फ्यूज वेगळा, बटण वेगळं, आणि बटण केबिनमध्ये नको, हौद्याच्या कोपऱ्यात रबरी टोपीखाली असावं. क्रेट मोजायला आणि हिशेबाची चिठ्ठी वाचायला तेवढी पट्टी भरपूर होते.